शहाणपण पांघरून पेडगावला: पार्किंग सेन्सर, कापूस आणि आण्णा

वेड पांघरून पेडगावला जातात, हे तुम्ही ऐकलं असेल. म्हणीतलं पेडगाव दुसरं, आमचं परभणीजवळचं. पण मी तिथे गेलो तो शहाणपण पांघरून. त्या शहाणपणाचे चार गोल डोळे माझ्या नव्या गाडीच्या मागच्या बंपरवर बसवलेले होते.

आधी कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्याच अंगणात मी फोनवर बोलत बोलत गाडी मागे घेतली. बैलांच्या पाण्याचा हौद फुटला आणि त्याला टेकवलेली आण्णांची सायकल घडी घालून ठेवल्यासारखी झाली. आण्णा म्हणजे माझे वडील, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी त्यांनी बसच्या मागे उभं राहून, पत्र्यावर हात मारत, ड्रायव्हरांना बस मागे घ्यायला मदत केली. आणि हौद फोडला तो पोटच्या पोराने. ते ओरडले नाहीत. "मागं न बघणाऱ्याच्या गाडीत मी बसनार न्हाई," एवढंच म्हणाले आणि खरंच पुन्हा बसले नाहीत.

सोनपेठला त्यांची थोरली बहीण असते. माझी आत्या, आण्णांची अक्का. पडल्यापासून ती अंथरुणावरच आहे. आण्णा एस.टी.ने जायचे, पण वर्षभरापूर्वी गुडघे गेले, बसच्या पायऱ्या चढवेनात, आणि जाणंच थांबलं. आत्या फोनवर विचारते, "कधी यायलास रे?" आण्णा म्हणतात, "बघू." ते "बघू" माझ्यामुळे होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सेन्सरवाली गाडी घेतली. माणूस सुधारण्यापेक्षा गाडी बदलणं सोपं असतं.

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. बायको वैशाली शेजारी, मागे फराळाचे डबे. संभाजीनगर, जालना, मंठा करत जिंतूर. जालन्यापर्यंत रस्ता झकास. पुढे काळ्या मातीने जिथे डांबर उचललंय तिथे दुसऱ्या गिअरमध्ये चला, घाई करू नका. मंठ्याच्या पुढे एका टपरीवर दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत भजी मिळाली. भजीबरोबरची तळलेली मिरची फुकट होती, पण तिची किंमत पुढे तासभर मोजली.

जिंतूरला कॉलेजातला मित्र माणिक राहतो. त्याच्या शेतातल्या घरी मुक्काम. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. असा मित्र नसेल तर परभणीतच खोली बघा. वेचणीचे दिवस होते, पत्र्याच्या शेडमध्ये कापसाचा ढीग छातीपर्यंत आला होता. मी माणिकला म्हटलं, "आता बघ. आरशात न बघता लावतो." एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने मिशी. गाडी शांतपणे मागे गेली. टूं नाही, टां नाही. मी म्हटलं, अजून बरीच जागा आहे. मग मागची काच एकदम पांढरी झाली.

माणिकने डोक्याला हात लावला. "आरं, कापसात घुसलास की! तुजं यंत्र झोपलं का काय?"

त्या संध्याकाळी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. सेन्सर आवाज सोडतो आणि परत आलेला आवाज ऐकून अंतर मोजतो. कापूस, गादी, जाड घोंगडी असल्या मऊ वस्तू आवाज गिळून टाकतात. बारीक खांब, ताणलेली दोरी यांचाही पत्ता लागेलच असं नाही. खड्डा तर त्याच्या हिशेबात नसतोच. हे सगळं पान अठ्ठ्याऐंशीवर लिहिलेलं होतं. मी पान दोनवर गाण्यांचा आवाज कसा वाढवायचा ते वाचून थांबलो होतो. वैशाली सायलेन्सरच्या नळीतून कापूस उपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीमार्गे पेडगाव. आण्णा ओसरीवर बसले होते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मांडीवर पेपर. गाडीकडे त्यांनी पाहिलं, पण मतदानाच्या रांगेतल्या माणसासारखं, काहीच न दाखवता. आई मात्र ताट घेऊन आली. आमच्या घरी नव्या वस्तूला आधी विभूती लागते, मग हात. तिने पुढे लावली, चाकांना लावली, आणि मागे गेल्यावर तिला ते चार गोल दिसले. "डोळे हायेत वाटतं," म्हणत तिने ओल्या विभूतीची बोटं चारही डोळ्यांवर भरभरून ओढली. मी बघत होतो. छान वाटलं. पान अठ्ठ्याऐंशीवर "सेन्सर स्वच्छ ठेवा" असंही होतं, ते मला त्या क्षणी आठवलं नाही.

दुपारी प्रयोग ठेवला. नवा हौद लांब कोपऱ्यात, मागे सगळं अंगण मोकळं. "आण्णा, हौदाच्या हातभर अलीकडे आपोआप कळेल बघा," असं म्हणून मी रिव्हर्स टाकला.

गाडीने टाहो फोडला. टूंऽऽऽ. गोठ्यातली बैलं उभी राहिली. शेजारची म्हातारी दारात आली. मागे कोंबडंसुद्धा नव्हतं. मी पुढे घेतली, पुन्हा मागे टाकली. पुन्हा टूंऽऽऽ.

आण्णांनी पेपरची घडी घातली. "काल कापसात मुकी होती म्हनं." माणिकने फोन केलेला दिसत होता. "आज मोकळ्यात बोंबलायलीय. आन् असल्या गाडीत मला अक्काकडं न्यायलायस व्हय?"

मला खरंच लाज वाटली. हसू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळा खटाटोप त्यांना बहिणीकडे नेण्यासाठी होता आणि मी पुन्हा तिथेच उभा होतो, त्याच अंगणात. फडकं ओलं करून मी बंपर पुसत बसलो. पुसता पुसता, त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "आण्णा, मला गाडी मागे घेता येत नाही. तेव्हाही येत नव्हती. तुम्ही मागे उभे राहणार असाल तरच सोनपेठला जमेल."

आण्णांनी पेपर बाजूला ठेवला. मग आईला म्हणाले, "माजी टोपी आन."

आण्णा पुढे बसले नाहीत. मागच्या डाव्या खिडकीशी बसले, हात दाराच्या कडीवर. मानवत, पाथरी, गोदावरीचा पूल. पुलावर त्यांनी हात जोडले. सगळ्या रस्त्यात बोलले ते एवढंच: "वळनावर हार्न दे. खामखा देऊ नगं."

सोनपेठला नेमका आठवडी बाजार. तुम्ही जाणार असाल तर बाजाराचा वार विचारून जा, मी विचारला नव्हता. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी समोरून एस.टी. आली. बस मागे जाणार नाही, हे कुणी सांगायला लागत नाही. मी रिव्हर्स टाकला. बसच्या ब्रेकमधून फुस्स करून हवा सुटली की सेन्सर किंचाळायचा, हवा थांबली की गप्प. मागे खरंच काय होतं ते त्याला काही उमगत नव्हतं. मागे होत्या पालांच्या बारीक काठ्या, ताणलेल्या दोऱ्या, भाजीवाल्या बायका आणि उघडी नाली.

मागचं दार उघडलं. आण्णा गुडघा धरून उतरले.

"आवाज बंद कर त्याचा," ते म्हणाले. "मागं बघ. माज्याकडं."

मी बटण दाबलं, मान पूर्ण वळवली. काचेत आण्णा दिसले, एक हात वर. "येऊ दे. येऊ दे. जरा उजवीकडं. मावशी, टोपली घ्या अल्याड. येऊ दे..." मग पत्र्यावर त्यांचा हात दोनदा पडला, धाड धाड, आणि माझा पाय ब्रेकवर. नाली चाकापासून चार बोटं राहिली होती.

बस शेजारून सरकली. तिच्या तरुण ड्रायव्हरने खिडकीतून वाकून आण्णांना विचारलं, "कोन्त्या डेपोचे, मास्तर?"

"परभनी," आण्णा म्हणाले. कमरेतून थोडे ताठ झाले.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने आण्णांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "कुनाच्या गाडीत आलास?"

"ह्याच्याच," आण्णा म्हणाले. "मी व्हतो मागं."

पुण्यात येऊन आता महिना झाला. सेन्सर चालू आहे, काँक्रीटचे खांब त्याला छान कळतात. घ्यायला हरकत नाही, पण पुसत जा, आणि पान अठ्ठ्याऐंशी वाचा. मी मात्र मान वळवूनच गाडी मागे घेतो. सोसायटीतले हसतात.

काल संध्याकाळी फोन वाजला. तीन वर्षांत आण्णांनी स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. खुशाली विचारलीच नाही.

"अक्का वाट बघायलीय," ते म्हणाले. "कधी निघायलास? मी टोपी काढून ठिवलीय."