बायकोचं बोलणं

नारायणगुड्यात बायांच्या आजारांवर संशोधन करणारी एक संस्था आहे. मी तिथला वॉचमन. तिथल्या ताईंनी माझ्या बायकोचीही मुलाखत रेकॉर्ड केली होती. बायको गेली आणि घर मुकं झालं. तिचा आवाज एकदा तरी ऐकावा, म्हणून सरळ ताईंकडे गेलो.

"काका, कुणालाही ऐकवणार नाही, असा शब्द दिलाय काकूंना."

"मी काय कुणीही आहे? नवरा आहे तिचा!"

"हौ काका, म्हणूनच नक्को," ताई म्हणाल्या, आणि डोळे त्यांचेच भरून आले.

मला राग आला. गेटवर येऊन बसलो. आवाज काही मिळाला नाही. पण मन मोकळं करायला माझ्या बायकोनं माणसं पक्की निवडली होती, हे छातीठोक सांगतो.