एकाच नंबरची दोन घरं

बाळांनो, तुमचे मोठे आजोबा, म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, तुम्हाला फक्त आपल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये मध्येच डोकं घालणारे म्हणून आठवतात. ते गेले तेव्हा तुम्ही फोनवर "सो सॉरी, आजी" म्हणालात आणि पुढे काय बोलावं ते तुम्हाला सुचेना. म्हणून हे लिहिते आहे. चालू असलेली वस्तू दुरुस्त करून बंद पाडण्यात त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या इंदुरात झाला नाही.

विजेच्या खात्यातून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. एका लग्नात "लूज आहे भिया" म्हणत त्यांनी माइकच्या वायरीला हात घातला आणि ऐन मंगलाष्टकांत भटजींचा आवाज गेला.

आमची घरं शेजारी शेजारी, मधली भिंत एक. दोन्हीकडे इंटरनेट वेगळं, राउटर वेगळा. तुमचे आजोबा गेल्यावर भाऊजींनी, म्हणजे ह्या मोठ्या आजोबांनी, धोशाच लावला की दोन्ही नेटवर्कं जोडायची. आजोबांनी तुमच्यासाठी जुन्या इंदूरच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्या माझ्या कॉम्प्युटरवर होत्या आणि भाऊजींना त्या आपल्या खोलीत बसून ऐकायच्या होत्या. मी म्हटलं, "भाऊजी, पेनड्राइव्हवर घालून देते की!"

"पेनड्राइव्ह म्हणजे डबा पोचवणं झालं, मास्तरीणबाई. मला येणं-जाणं पाहिजे."

राजवाड्याच्या बाजारात वायर आणायला गेले ते पार गौतमपुरा गावापर्यंत पुरेल एवढं भेंडोळं घेऊन आले. दुकानदार म्हणे ओळखीचा निघाला. भिंतीला भोक पडलं, माझ्या नीट लावलेल्या कपाटावर विटेचा लाल भुगा बसला. वायर जोडली आणि दोन्ही घरांचं इंटरनेट ठप्प झालं, तेही तुमचा कॉल चालू असताना. धाकटी पडलेला दात दाखवत होती, ती तशीच आ वासून पडद्यावर गोठली.

दोन्ही राउटरांना कंपनीतूनच 'एक' हा नंबर लागलेला होता, त्यामुळे दोन्ही घरांचा आतला पत्ता एकच. कुठलं टपाल कुठे टाकायचं ते बिचाऱ्या राउटरांना कळेना. कुणीतरी एकाने नंबर बदलायला हवा होता.

"तू बदल," भाऊजी म्हणाले. "मोठ्याचं घर एक नंबरच राहणार ना!"

"माझा प्रिंटर, कॅमेरा, सगळं त्या नंबरवर बसवलंय. मी काय म्हणून बदलू?"

"अरे वा! म्हणजे थोरल्यानं धाकट्याच्या मागे उभं राहायचं? ऐसा कहीं होता है क्या?"

हा नंबर दारावर लागणार नव्हता की कुणाला दिसणार नव्हता. तरी आठवडेच्या आठवडे वायर न जोडता भिंतीतून लोंबत राहिली आणि भाऊजी चहाला येऊन तिच्याकडे बघत राहिले. शेवटी मी चिडून म्हटलं, "घ्या, इथेच ऐका," आणि एक रेकॉर्डिंग लावलं. आजोबा आपल्या पहिल्या सायकलची गोष्ट सांगत होते. तेवढ्यात त्यात मागून भाऊजींचाच आवाज आला, "चूक! सायकल माझी होती!"

"तुझी कशी? चालवायचो मी!"

"आणि पंक्चर कोण काढायचं?"

गोष्ट राहिली बाजूला, दोघे भांडत सुटले. भाऊजींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. चहा तसाच ठेवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या घराचा नंबर बदलून दोन केला. मध्ये एक जुना राउटर वाटाड्या म्हणून बसवला आणि दोन्हीकडे पलीकडची वाट नोंदवून दिली. मला फक्त एवढंच म्हणाले, "राहू दे एक नंबर त्याच्याकडे."

मग रोज दुपारी, माझ्या झोपेच्या वेळी, भिंतीपलीकडून आजोबांचा आवाज यायचा आणि त्यावर भाऊजी खच्चून "चूक!" म्हणायचे. मी वैतागून भिंत ठोकायची. ते आवाज कमी करायचे, म्हणजे आजोबांचा. स्वतःचा नाही.

आता भिंत ठोकावी लागत नाही. पलीकडे तुमची मोठी आजी एकटी असते. तिने राउटर बंद केलेला नाही. ते घर अजून दोन नंबरवरच आहे, आणि दोघा भावांचं भांडण दोन्ही घरांत ऐकता येतं.