रंगेहाथ

गाडीखाली पाठीवर पडून तेल कुठून गळतं ते शोधण्यात माझी निम्मी उमर गेली. आता पाठ सरळ होत नाही ती त्यामुळेच. अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांना लागून माझं छोटं गॅरेज होतं. ट्रकवाल्यांची कामं होतीच, पण सत्तर सालानंतर एका सरकारी खात्याच्या जीपही माझ्याकडे यायला लागल्या. चारही चाकांना जोर देणाऱ्या या जीपला पुढच्या चाकांच्या मधोमधही एक डिफरन्शियल असतं. म्हणजे तेलात बुडालेल्या दातेरी चाकांचा लोखंडी गोळा. तो सगळ्यात खाली, इंजिनच्या पोटाशी. त्यामुळे वरचं सगळं गळणं त्याच्यावर येऊन पडतं, घरातल्या थोरल्या सुनेवर पडतं तसं.

म्हणून आधी बोट लावायचं, चोळायचं, हुंगायचं. काळं असेल तर इंजिनचं. पातळ आणि रंग खाणारं असेल तर ब्रेकचं. घट्ट आणि गंधकासारखा वास मारणारं असेल तर डिफरन्शियलचं, नव्वद नंबरचं तेल. मग रॉकेलनं सगळं पुसायचं, गाडी फिरवायची आणि पुन्हा खाली शिरून पहिला ओला ठिपका कुठे येतो ते पाहायचं. एवढी साधी विद्या आहे. फक्त कंटाळा फार येतो.

त्या खात्याची एक जीप पुढच्या डिफरन्शियलमधून गळायला लागली. चाकांना फिरवणारा दांडा गोळ्यात शिरतो तिथलं रबरी सील झिजलं होतं. मी नवं सील बसवलं आणि वरून काळा रंग मारून गोळा चकचकीत करून दिला. नवं सील साहेबाला दिसत नाही, रंग दिसतो. आमच्या धंद्यात काम करण्याइतकंच ते दाखवणंही लागतं.

पंधरा दिवसांत जीप परत आली. भिवापूरची फेरी होती आणि तिकडे मिरच्या वाळत घातलेल्या. ओल्या तेलावर मिरचीची लाल धूळ बसून नेमकं नव्या सीलभोवतीच तिखटाचं कडं झालं होतं. ते पुसताना डोळ्यांतून जे पाणी आलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. पुन्हा सील बदललं. वाडीत चार चकरा मारल्या, गोळा कोरडाठाक. भिवापूरहून आली की ओली.

त्या जीपचा ड्रायव्हर अकरा वर्षं रोजंदारीवर होता. कायम करायच्या माणसांची यादी त्याच महिन्यात वर जायची होती आणि तिच्यात त्याचं नाव होतं. खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. गाडी आपल्यासमोर असली की गळत नाही आणि याच्या हाती एकटी गेली की गळते, याचा अर्थ काय, असं ते म्हणाले. चिखलापुरता असलेला पुढच्या चाकांचा गिअर पक्क्या रस्त्यावर लावून पळवत असेल, नाल्यांत आपटत असेल. पुढे 'त्या वस्तीतली माणसं' असंही काही म्हणाले. ड्रायव्हरच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली होती. मी मान हलवली. ती मान मला आजही हलताना दिसते आणि स्वतःची शिसारी येते.

त्यांना कारण लेखी हवं होतं. मी मॅट्रिक झालेला मिस्त्री, अक्षराचा मला भारी तोरा. 'चालकाचा हलगर्जीपणा' असं वळणदार लिहून खाली सही ठोकली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आठवड्यानं जीप पुन्हा ओली होऊन आली. आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, याला रंगेहाथच पकडतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बाजूच्या सीटवर बसून भिवापूरला निघालो.

उमरेडपर्यंत मी फक्त त्याच्या हातांकडे पाहत होतो. पुढच्या गिअरच्या दांड्याला त्यानं बोटही लावलं नाही. खड्डा आला की गाडी लेकराला झोळीत टाकावं तशी हळूच उतरवत होता. त्यालाही माहीत होतं मी कशाला आलोय ते.

भिवापूरला सावली बघून गाडी लावली आणि मी खाली शिरलो. गोळा हाताला चटका देण्याइतका तापलेला, सील ओलं. तेल कमी झालं का बघावं म्हणून वरचं बूच सैल केलं, तर आतून फुस्स करून हवा सुटली. मी तसाच पडून राहिलो. डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते. ती बाहेर पडायला वर एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते बुजलं तर हवा सीलमधूनच वाट काढते आणि तेल सोबत नेते. वाडीतल्या चकरांत गोळा तापतच नव्हता. भोकाच्या जागी बोट फिरवलं. तिथे माझा काळा रंग होता, चांगला जाड, दोन हात दिलेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशीचा कागदही चोरानंच लिहिला होता.

भोक उकरून मोकळं केलं आणि बाहेर येऊन मी त्याला सगळं सांगितलं. कागदाचंही. त्यानं ऐकून घेतलं, फडक्यानं काच पुसत राहिला, मग म्हणाला, "मिस्त्री, लिहाच्या आधी एकडाव माह्या बाजूले बसाचं होतं गा."

परतताना थेट साहेबांकडे गेलो आणि दुसरा कागद लिहून दिला : भोक मी बुजवलं, चालकाचा दोष नाही. साहेबांनी वाचून तो फाइलीला लावला. यादी कालच वर गेली म्हणाले, त्याचं नाव काढून. पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ यायला तीन वर्षं लागली.

त्या तीन वर्षांत तो जीप माझ्याकडेच आणत राहिला. एका शब्दानंही त्यानं मला कधी टोचलं नाही. पण काम हॉर्नचं असो की ब्रेकचं, आधी तो खाकी कपड्यांनिशी गाडीखाली पडायचा, त्या भोकावरून अंगठ्याचं नख फिरवायचा, उठून पाठ झटकायचा आणि मगच किल्ली द्यायचा. ती घ्यायला हात पुढे करणं माझ्या जिवावर यायचं.