प्रसाद काही खाण्यात धरत नाहीत

माझं पोट लहान केलं ते गुडघ्यासाठी. हे लोकांना सांगून सांगून मी कंटाळले. मंडईत गाळ्यावर चढून बसायचं तर गुडघा वाकला पाहिजे. माझा वाकेना. गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, एवढ्या वजनावर नवा गुडघा बसवून उपयोग नाही, आधी वजन उतरवा. उपाशी राहून ते उतरलं नाही. मग दुसऱ्या डॉक्टरनं पोट लिंबाएवढं केलं आणि आतड्याला जवळची वाट काढून दिली. तोवर माझ्या गाळ्यावर धाकटी जाऊ बसायला लागली होती. गिऱ्हाइकांना ती फार आवडते, असं कानावर येत होतं. मला लवकर परत जायचं होतं. बारीक दिसण्याची हौस या वयात कोणाला?

पुढे पोट काय काय करतं, ते दवाखान्यात सांगतात, पण कागदावर. तो कागद मुलानं जपून फायलीत ठेवला. पहिले काही दिवस नुसतं पातळ. जन्मभर भाजी विकलेल्या बाईला दुधीचं पाणी गाळून चमच्यानं पाजत होते. आधी चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. लोहाच्या गोळीनं काळं आणि दगडासारखं. त्यावर औषध दिलं तर दिवसभर तेच काम. आयुष्यभर पचलेलं दूध पचेना. वारा असा सरायचा की सून टीव्हीचा आवाज वाढवायची. मी तिला म्हटलं, वाढवू नकोस, कशासाठी वाढवलास ते खालपर्यंत कळतं.

दवाखान्यातली आहार सांगणारी एक मुलगी रोज अकराला फोन करायची. नागपूरकडची, बोलायला चांगली. काय खाल्लं, विचारायची. मी सांगायची, मुगाचं कढण चार चमचे, बाकी काही नाही. ती शाबासकी द्यायची आणि लिहून घ्यायची.

दुसऱ्या महिन्यात नवाच प्रकार सुरू झाला. बसल्या बसल्या छाती धडधडायची, दरदरून घाम यायचा, डोळ्यांपुढे अंधारी. मग पोटात पीळ आणि संडासाकडे धाव. तसल्या गुडघ्यानं धावायचं. एकदा पोचले नाही. सुनेनं साडी धुतली आणि तोंडातून शब्द काढला नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. घटकाभर आडवी पडले की सगळं शांत व्हायचं, जसं काही झालंच नाही.

पोटाच्या डॉक्टरनं विचारलं, कशानं होतं? मी म्हटलं, काही न खाताच होतं. फोन करणाऱ्या मुलीच्या वहीतही तेच. रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, काही निघेना. शेवटी तो म्हणाला, तोंडातून नळी घालून आत बघू, आणि गुडघ्याचं सध्या राहू द्या. नळीचं मला काही वाटलं नाही. गुडघ्याचं वाटलं. जाऊ एव्हाना गाळ्यावर घरची उशी घेऊन बसत होती.

ती मुलगी तिथेच उभी होती. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, काय खाल्लं ते राहू द्या. सकाळपासून तोंडात काय काय गेलं, तेवढं सांगा."

तोंडात जाणं वेगळं. सकाळी चहा गेला, साखरेचा. बिनसाखरेचा तो काय चहा? गोळी कडू, म्हणून वर खडीसाखर. आणि श्रावण चालू होता, आमच्या इमारतीत रोज कोणाकडे तरी सत्यनारायण. वाटी यायची. परत कशी पाठवणार?

"म्हणजे शिरा?" तिनं विचारलं.

"शिरा नाही. प्रसाद."

मुलगा लालबुंद झाला. "आई, इतके दिवस खोटं सांगत होतीस?"

मी खोटं बोलले नव्हते. ताटावर बसून खातात ते खाणं. चहा पितात, प्रसाद घेतात. दिवसभर साबुदाण्याची खिचडी हाणून संध्याकाळी आपण म्हणतोच ना, आज माझा कडक उपास, काही खाल्लं नाही? डॉक्टर चांगला मराठी माणूस. त्यानं घरी आईला विचारलं असतं तरी कळलं असतं. तो कपाळाला हात लावून बसला. मग त्यानं सांगितलं की साखर आणि तूप त्या लिंबात थांबत नाही, सरळ आतड्यात कोसळतं, आणि आतड्याची धांदल उडते. नळी नको म्हणाला. महिनाभर गोड बंद, पोट शांत राहिलं तर गुडघ्याची तारीख.

चहा सोडला. खडीसाखर सोडली. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन दारात. तिच्या नातवाच्या नोकरीची पूजा होती. तिच्याशी माझा तीस वर्षांचा घरोबा. मी नको म्हटलं.

"अहो, प्रसादाला नाही म्हणतात का?"

"म्हणतात. मी म्हणतेय."

ती म्हणाली, एक कण तरी घ्या. मी वाटीला नमस्कार केला आणि सुनेला घ्यायला सांगितलं. ते तिला चाललं नाही. मला एवढ्या दिवसांत शिंकसुद्धा आली नाही, तेव्हा देवाला चाललं असावं. बाई मात्र जिन्यात भेटली की अजून भिंतीकडे बघते.

त्या महिन्यात मी एकदाही धावले नाही. पुढच्या खेपेला गुडघ्याची तारीख मिळाली. घरी येऊन आधी जावेला फोन केला. दिवाळीपर्यंत येते, म्हटलं.

तिनं आधी एका गिऱ्हाइकाचा हिशेब केला.

"एवढी कसली घाई, ताई? नीट बऱ्या व्हा की."