हिऱ्यापासून लांब ठेवलेला डबा

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. तशाच हातांनी फोन घेतला. झोपेतच गेली म्हणाले... महिना उलटला तरी फोनच्या कव्हराला बारीक वास आहे. सून बदलू म्हणते, मी बदलू देत नाही. मंदा माझी धाकटी नणंद. पवईला पदार्थविज्ञान शिकवायची, लग्न केलं नाही, आणि आमच्या अख्ख्या मालवणी गोतावळ्यात हिरे बाळगणारी ती एकटीच.

हिरे म्हटल्यावर मी हुरळलेच होते. तेव्हा मी तरुण होते, चौसष्ट वर्षांची, आणि त्या वयात शोभेल तेवढी मूर्ख. ठेवणीतली साडी नेसून तिची प्रयोगशाळा बघायला गेले. तिने चिमट्यात धरून दाखवलं ते मसुराच्या डाळीएवढं, जांभळट काहीतरी.

"ह्यात खोट आहे गं मंदे."

"खोटच हवीय वहिनी! इथे कार्बनचा एक अणू गायब आहे आणि शेजारी नायट्रोजन घुसलाय. अशा जागांवर हिरवा लेसर टाकला की त्यांना वळण लागतं, मग त्या आसपासच्या काही कार्बनच्या केंद्रकांना वळण लावतात."

केंद्रकं म्हणजे इवलेइवले लोहचुंबक. एरवी प्रत्येकाचं तोंड भलतीकडे, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. ती एका दिशेला वळली की त्यांचा क्षीण सिग्नल कितीतरी पटींनी वाढतो. उद्या तो एमआरआयच्या कामी यावा, हा तिचा ध्यास. "त्यासाठी एरवी सगळं भयंकर थंड करावं लागतं. मी साध्या खोलीत करते, पंख्याखाली!" म्हणाली. मी विचारलं, दिवा बंद केल्यावर वळण टिकतं किती? "काही मिनिटं. मग हळूहळू विस्कटतात. तेवढ्यात बघून घ्यायचं."

त्याच दिवशी पडद्यावर उंचवट्यासारखा दिसणारा तो सिग्नल एकाएकी मावळला. तिचे विद्यार्थी सगळे तारा तपासत बसले, दुपार त्यातच गेली. शेवटी मंदाने यंत्राच्या मोठ्या चुंबकामागे हात घातला आणि तिच्यासाठी आणलेला माझा बोंबलांचा स्टीलचा डबा बाहेर काढला. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मीच तो तिथे सरकवला होता. तिथलं चुंबकीय क्षेत्र इतकं नेमकं जुळवलेलं, की डब्यानेही ते हललं. मंदा हसून हसून खुर्चीत पडली. "गो वयनी, तुझ्या बोंबलांनी माझी वाट लावली गो!" सगळे हसले. मी सोडून.

पुढे तिने प्लॅस्टिकचा एक डबा पाठवला, "ह्यातून आण" म्हणून. तो मी माळ्यावर फेकला. बोंबील आणि प्लॅस्टिकमध्ये! गणपतीला, दिवाळीला भेटायचो तेव्हा ती विचारायची, "दिवा बघायला कधी येतेस? आता सिग्नल कसला झकास येतो!" मी ठसक्यात म्हणायची, "तुझ्या हिऱ्याला माझा डबा सोसत नाही ना." आधी राग होता, मग ती नुसती गंमत झाली, आणि मग सवय. घरातलं दुसरं कुणीही तिथे कधी गेलं नाही. तिने ज्यात आयुष्य घातलं ते बघायला आपलं एक माणूस यावं, एवढंच तिला हवं होतं. मुलुंडहून पवई म्हणजे काय परदेश?

गेल्या आठवड्यात गेले. तिच्या सहकारी बाईंनी, अनघाने, बोलावलं होतं. माळ्यावरचा डबा शोधला, झाकण वितळल्यासारखं वाकडं झालं होतं. म्हणून स्टीलच्याच डब्यात बोंबील घेतले. दारातच अनघा म्हणाली, "काकू, डबा तेवढा वहिनीवर ठेवा."

"कुणावर?"

तिने बोट दाखवलं. दाराबाहेर, भिंतीला लागून एक लाकडी स्टूल. त्यावर चाव्या, घड्याळं, दोनतीन स्टीलचे डबे. "मॅडमनी आणलं होतं. वहिनी येईल तेव्हा तिच्या डब्याला जागा हवी, म्हणायच्या. मग आम्ही सगळेच ठेवायला लागलो. नवीन कुणी आलं की त्याला पहिलं हेच सांगतो, लोखंड-स्टील वहिनीवर."

इतकी वर्षं मी तिथे रोज होते तर... फक्त मला माहीत नव्हतं.

आत हिरवा दिवा लागला, हिरा लाल उजळला. मग अनघाने दिवा बंद केला आणि पडद्यावरचा उंचवटा दाखवला. पुन्हा मोजला तेव्हा तो थोडा बुटका होता, मग आणखी. ती पुढे काही सांगत होती. मी म्हटलं, जरा थांब गं, एवढा उतरेपर्यंत बघू दे.

निघताना डबा उचलला नाही. स्टुलावरच ठेवून आले.