रीळ ठरेपर्यंत

साठ सालच्या मे महिन्यात आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन कारवारला, तिच्या माहेरी गेली. माझ्या जन्मानंतर नऊ वर्षांनी ती तिकडे निघाली होती. वडील बरोबर आले नाहीत, कारण समुद्रावर गळ टाकायला कोणतं रीळ न्यायचं हे त्या वर्षीही ठरलं नव्हतं.

त्या वर्षांचा विचार केला की आधी वास येतो... शिवणयंत्राच्या तेलाचा, नव्या नायलॉनच्या दोऱ्याचा, आणि मल्लेश्वरमच्या आमच्या घरामागे वाळत घातलेल्या तेलकट चिंध्यांचा. मार्च सरता सरता रस्त्यावर करंजाच्या फुलांचा सडा पडू लागला की अण्णा माळ्यावरून गळाच्या दोन काठ्या खाली काढत. वडिलांना आम्ही, बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांच्या रीतीने, अण्णा म्हणत असू. ते विमानाच्या कारखान्यात नकाशे काढत आणि रविवारी हेब्बाळच्या तळ्यावर साध्या बांबूने मासे धरत. तळ्यासाठी त्यांना कधी विचार करावा लागला नाही. प्रश्न समुद्राचा होता, आणि कारवारचा समुद्र तीनशे मैलांहून लांब होता.

एक काठी कास्टिंगची — आखूड, ताठ. छावणीतला एक इंग्रज मायदेशी गेला तेव्हाच्या लिलावात घेतलेली. तिचं रीळ काठीच्या वर बसे. दोरा सुटताना त्याचा ढोल गरगर फिरे आणि तो अंगठ्याने आवरावा लागे. नेम अचूक, जड मासाही ओढून आणणारं, पण अंगठा क्षणभर चुकला की दोऱ्याचं घरटं होई. दुसरी काठी स्पिनिंगची — लांब, लवचीक, मुंबईहून मागवलेली. तिचं रीळ खाली लटके, ढोल जागेवरच राही आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यावेटोळ्यांनी सुटत जाई. हलकं वजनही लांब पडे, गुंता क्वचित, पण आतली चक्रं बारीक आणि दोरा गुंडाळणाऱ्या तारेची स्प्रिंग नाजूक. अण्णा शिशाचा गोळा बांधून मैदानावर दोन्ही काठ्या आळीपाळीने फेकत. अक्का, माझी थोरली बहीण, टेप धरी, मी आकडे सांगे, आणि तांबड्या धुळीने माखलेले ते आकडे संध्याकाळी आलेखाच्या कागदावर चढत. एका वर्षी कास्टिंग पुढे असे, दुसऱ्या वर्षी स्पिनिंग. गुंतलेला दोरा आईकडे येई. ती केसांतली पिन काढून, पायरीवर बसून, तो तासन्‌तास सोडवी.

"अहो, मासा काय काठी बघून येतो?" ती विचारी.

"स्वल्प थांब. या वर्षी ठरवूनच टाकतो."

"दरवर्षी तुमचं स्वल्पच."

एके वर्षी अण्णांनी न्हाणीघरात बादली भरली आणि खडेमिठाची बरणी उचलून आणली. खाऱ्या पाण्यात कोणतं रीळ टिकतं ते पाहायचं होतं.

"समुद्र किती खारट असतो?" त्यांनी आईला हाक मारून विचारलं.

आई कणीक मळत होती. हात धुऊन आली, बोट बुडवून जिभेला लावलं. "ही आमटी झाली. आणखी घाला."

अण्णांनी मूठभर घातलं. "सरी? आता पुरे?"

"आणखी."

सातव्या मुठीला ती पुढे वाकली. पुन्हा बोट बुडवलं, डोळे मिटले, बराच वेळ तशीच उभी राहिली. "हं... हा झाला," म्हणाली, आणि लगेच, "खरा तिकडे पडलाय, आणि तुम्ही न्हाणीघरात करत बसा."

तीन आठवडे दोन्ही रीळं बादलीत राहिली आणि आम्ही अंगणात आंघोळ केली. दोन्ही गंजली. ती साफ होईपर्यंत पाऊस लागला आणि कारवार पुढच्या वर्षावर गेलं.

हट्टाचं मूळ मला अक्काकडून कळलं, तिला आईकडून. लग्न बेंगळुरात झालं होतं. जेवणानंतर आईचे वडील, आप्पा, भरल्या मांडवात म्हणाले होते, "जावईबापू, तळ्यातले मासे तुम्हाला ओळखत असतील. आमचे ओळखायचे नाहीत." सगळे हसले होते; अण्णाही. त्यानंतर ते कारवारला गेले नव्हते. माझ्या जन्माच्या वेळी मामाने आईला नेलं आणि मामानेच आणून सोडलं.

एकोणसाठच्या दिवाळीपासून आप्पांची पत्रं मामाच्या अक्षरात येऊ लागली. मोतीबिंदू पिकत होता. नाती डोळ्यांनी दिसतील तोवर आण, असं प्रत्येक पत्राच्या शेवटी असे. अण्णा ते वाचत, घडी घालत आणि मैदानावर जात. एप्रिलच्या शेवटी आईने ट्रंक भरली. "तुमचं रीळ ठरलं की या," एवढंच म्हणाली. अण्णांनी आम्हाला यशवंतपूर स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. हुबळीपर्यंत रेल्वे, पुढे घाटाची बस... शेवटच्या वळणानंतर खिडकीतून आलेला ओला, खारट वारा आईने तोंड उघडून घेतला.

आप्पांनी आम्हाला दारात, उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि एकेकीचा चेहरा अगदी जवळ घेऊन पाहिला.

"जावई खंय गो?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं रीळ ठरत नाही." आईने मांडवातली गोष्ट सांगितली.

आप्पा विचारात पडले. "मी म्हणालो असं?" थोड्या वेळाने पुन्हा, "मी?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. अण्णा पायरीवर बसून ढोलाला तेल घालत होते. आईने ट्रंक खाली ठेवली.

"त्यांना आठवतसुद्धा नाही," ती म्हणाली.

अण्णांनी चिंधीने बोटं पुसली.

"मला आठवतं," ते म्हणाले.

आप्पा पुढच्या फेब्रुवारीत गेले. अण्णा कारवारला एकदाच गेले, त्यांच्या तेराव्याला. हातात एक कापडी पिशवी होती. दोन्ही काठ्या माळ्यावरच राहिल्या.