शेठच्या दारातलं आत्याचं घर

सुमनआत्या गेल्याला महिना होत आला. तिच्याविषयी लिहायला बसलो की माझी चूकच आधी आडवी येते, म्हणून ती सांगूनच टाकतो. आत्याने जुनी कॅम्पर व्हॅन घेतली, तेव्हा ‘टपावर बादलीभर पाणी ओतून बघू’ असं ती म्हणाली होती. विकणारा पिरंगुटचा शेठ माझ्या ओळखीचा. त्याला काय वाटेल, या भिडेपोटी मी तिला अडवलं. पुढे कोकणात उतरताना एक सर आली आणि आत्याचं अंथरूण चिंब झालं...

भरे गावात सगळा संसार केलेली, ट्रॅक्टर स्वतः हाकणारी ही बाई. ‘लॉजवर मला झोप येत न्हाई’ म्हणत सत्तरीला टेकल्यावर तिने हे चाकांवरचं घर घेतलं. दुरुस्तीचं विचारलं की शेठचं रोज नवं कारण. कारागीर गावी गेलाय, रबर पुण्याहून यायचंय. आत्या भांडली नाही. तिने गाडी आणून त्याच्या फाटकाशी लावली आणि तिथेच मुक्काम ठोकला. स्टोव्ह पेटवला, दोरीवर लुगडं वाळत घातलं. शेठ धावत बाहेर आला.

“तुमीच म्हणालात न्हवं, ही गाडी न्हाई, घर हाय म्हून? मग ऱ्हाते की घरात.”

गिऱ्हाईक आलं की ती त्याला आत बोलवून चहा पाजायची. “पलंग झ्याक हाय बगा. फकस्त वरनं गळतं.” त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे शेठला बोलता येईना. त्याने मला फोन केला. मी खाली मान घालून गेलो.

“आत्या, घरी चल. लोक हसतायत.”

“हसूंदे. तू च्या घेतोस का?”

मी चहा न घेताच परतलो.

शेवटी शेठ स्वतःच शिडी लावून टपावर चढला. आत्या खाली शिडी धरून उभी. “सावकाश ओ शेठ, पडलात तर बोल मला लागंल.” काम झाल्यावर तिने त्याला पिठलं-भाकरी वाढली. त्या गाडीतून ती पार गोव्याला जाऊन आली, आणि येताना शेठच्या घरच्यांसाठी काजू घेऊन आली. असं भांडण मी कधी पाहिलं नव्हतं.

पण त्याहून थक्क करणारं वेगळंच होतं. भावकीत सगळे म्हणत, म्हातारीला कळलं नाही, फसली. ती म्हणायची, “व्हय, फसले.” मी समोरच बसलेला असायचो. माझं नाव तिने कधी काढलं नाही...

दहाव्याला नदीकाठी चुलत्यांनी पुन्हा तोच विषय काढला. “गाडी तेवढी बघून घ्याया पायजे व्हती तिनं.” मी उठून उभा राहिलो.

“ती बघूनच घेणार होती. मी बघू दिलं नाही. ती फसली नव्हती, तिने माझी लाज झाकली.”

मी तिच्या फोटोपुढे वाकलो. “चुकलो, आत्या. हे तुझ्यादेखत सांगायला हवं होतं.”